तांबू वाढत का नाही?

प्रश्न : आम्ही कुडाळजवळच्या एका वाडीत राहतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या खुडूक देशी कोंबडीखाली नऊ अंडी ठेवली होती, त्यांतून सात पिल्ले निघाली. एक घारीने नेले. पाचव्या आठवड्यात सगळीच पिल्ले दोन-तीन दिवस पंख पाडून बसली होती, शिटेत लालसर काही दिसत होते आणि त्यांपैकी दोन दगावली. उरलेल्या चारांपैकी एक नर आहे आणि तीन माद्या. त्यांतली तांबू नावाची तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) माझ्या नातीची अत्यंत लाडकी आहे, परंतु ती वाढतच नाही. आता पिल्ले अकरा आठवड्यांची झाली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचे वजन ३१० ग्रॅम भरले, तिच्या दोन बहिणींचे ५८० आणि ६१०, तर नराचे ७६०. ती खाते, नातीच्या हातावर येऊन बसते, पण पिसांना तकाकी नाही आणि दुपारी बराच वेळ झोपते. कधी कधी तपकिरी, चिकट, घाण वासाची शिट टाकते. खाण्यात भात, कणी आणि दुकानातून आणलेले अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य असते, कारण त्याच खुराड्यात दोन मोठ्या कोंबड्याही आहेत. शेजारी कोणी लसूण द्या म्हणतात, कोणी यकृताचे टॉनिक, कोणी जंताचे औषध. एकाने तर ‘वेळ आहे तोवर रस्सा करा’ असाही सल्ला दिला. काय करावे?
– एक आजोबा, सिंधुदुर्ग

उत्तर : तुम्ही वजने करून पाठवलीत याबद्दल आधी तुमचे आभार मानतो. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी नऊ पत्रांत ‘पिल्लू अगदीच बारीक आहे’ एवढेच लिहिलेले असते आणि त्यावरून काहीही सांगता येत नाही. नराचे वजन मात्र तुलनेत धरू नका. या वयात तलंगा तलंगीपेक्षा मोठाच असतो. तांबूची तुलना तिच्या दोन बहिणींशीच करायची, आणि तशी केली तरी ती त्यांच्या जेमतेम निम्मी आहे. एकाच कोंबडीखाली, एकाच दिवशी निघालेल्या पिल्लांत एवढा फरक ‘एखादे लहान असतेच’ म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

मात्र एका दिवसाच्या वजनातून ती आज कुठे आहे एवढेच कळते, कुठे चालली आहे हे कळत नाही. म्हणून कोणतेही औषध आणण्यापूर्वी पुढचे दोन आठवडे दर चार दिवसांनी, सकाळी खुराडे उघडल्यावर आणि खाद्य देण्यापूर्वी, तिघी तलंगींचे वजन करून वहीत लिहा. बहिणी अकरा आठवड्यांत सहाशे ग्रॅमच्या आसपास पोहोचल्या आहेत, म्हणजे त्या आठवड्याला सरासरी पन्नासेक ग्रॅमने वाढल्या, तर तांबू पंचवीसेक ग्रॅमने. आता ती आठवड्याला चाळीस-पन्नास ग्रॅम चढू लागली असेल, तर तिचे दुखणे मागे पडले आहे आणि उरली आहे ती फक्त पिछाडी. वजन जागच्या जागी असेल किंवा उतरत असेल, तर दुखणे अजून तिच्या पोटात आहे. या दोन्ही स्थितींतल्या तांबू दिसायला सारख्याच दिसतील, उपाय मात्र पूर्ण वेगळे आहेत.

दुसरी तपासणी रात्रीची आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. कोंबड्या दांडीवर बसल्यावर अंधारात तांबूला अलगद उचला आणि गळ्याच्या खाली, छातीच्या उजव्या अंगाला असलेली अन्नाची पिशवी चाचपा. दिवसभर पोटभर खाल्लेल्या कोंबडीची ही पिशवी संध्याकाळी लिंबाएवढी भरलेली आणि दाण्यांनी किंचित खरखरीत लागते. बहिणींच्या पिशव्या भरलेल्या आणि हिची रिकामी असेल, तर ती आजारी असो वा नसो, तिला खायला मिळत नाही हे निश्चित. आणि पिशवी सकाळीही तशीच टणक किंवा पाण्याने भरल्यासारखी थुलथुलीत लागली, तर तिथेच अडथळा आहे, आणि मग पुढचे काहीही न वाचता दवाखाना गाठावा. त्याच वेळी छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेले असले पाहिजे. हाड सुरीच्या पात्यासारखे बोटाला लागले, तर ती केवळ लहान चणीची नाही, ती वाळत चालली आहे.

‘ती खाते’ असे तुम्ही लिहिले आहे, पण ती नातीच्या हातावरचे खाते, आणि ती वेळ एखाद्या पाहुण्यासारखी एकटीने खाण्याची असते. उरलेल्या दिवसात तिला ताटलीजवळ कोण येऊ देते हे दूर बसून पाहा. कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचे याची ठरलेली उतरंड असते, हे नॉर्वेच्या थोर्लेफ श्येल्डेरूप-एब्बे यांनी १९२१ मध्ये शास्त्रीय निरीक्षणांतून मांडले. आपल्या आज्यांना ते अर्थातच आधीपासून माहीत होते. तुमच्या खुराड्यात दोन जुन्या कोंबड्या, एक वाढता नर आणि दोन दुप्पट वजनाच्या बहिणी आहेत, तेव्हा तांबू सहाव्या पायरीवर असणार. भांडे एकच असेल तर तिचा नंबर येईपर्यंत त्यात पाणी आणि भुसाच उरतो. त्यासाठी खाद्याची दोन भांडी एकमेकांपासून लांब, एकावरून दुसरे दिसणार नाही अशी ठेवा. शिवाय एक डालगे पालथे घालून ते विटांवर इतकेच उचला की फक्त तांबूला खालून शिरता येईल, आणि तिचे खास खाद्य त्याखाली ठेवा. तिला वेगळ्या खोलीत नेऊन वाढवण्याचा मोह मात्र टाळा. महिनाभराने परत आणलेली कोंबडी परकी ठरते आणि मग सगळ्या मिळून तिला टोचतात.

आता मूळ दुखण्याकडे येतो. तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर तुम्ही ओझरता लिहिला आहे. पाचव्या आठवड्यात सगळी पिल्ले पंख पाडून बसली, शिटेत लाल दिसले आणि दोन दगावली. पावसाळा, मातीची किंवा चिऱ्याची ओल धरणारी जमीन आणि पाच आठवड्यांची पिल्ले या तीन गोष्टी एकत्र आल्या की मला सर्वप्रथम रक्ती हगवणच आठवते. पुस्तकात तिला कॉक्सिडिओसिस म्हणतात. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी पिल्लाच्या आतड्याच्या अस्तरात शिरून वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. शिटेतून जमिनीवर पडलेली त्याची बीजे ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत रोग देण्याजोगी तयार होतात, ती दुसऱ्या पिल्लाने टिपली की चार ते सात दिवसांत नवी बीजे बाहेर पडू लागतात, आणि पावसाळ्यात हे चक्र आपोआप फिरत राहते. वाचलेल्या पिल्लांना त्या जातीच्या आयमेरियाविरुद्ध बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती येते. मात्र ज्या पिल्लाच्या पोटात सर्वाधिक बीजे गेली, त्याच्या आतड्याचे अस्तर इतके झिजते की खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. तांबूचे असेच झाले असावे, असा माझा अंदाज आहे.

तो अंदाजच आहे, म्हणून तिची शिट तपासून घ्या. आयमेरियाच्या काही जाती रक्त न दाखवताच पक्ष्याला खुरटवतात, त्यामुळे ‘आता रक्त दिसत नाही’ हा पुरावा नव्हे. तुम्ही लिहिलेली तपकिरी, चिकट, दुर्गंधीयुक्त शिट दिवसातून दोन-चार वेळाच येत असेल, तर मात्र ती निरोगी कोंबडीतही दिसते. आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन आंधळ्या पिशव्या अधूनमधून रिकाम्या होतात, त्याची ती शिट असते, आणि तिला हगवण समजून कित्येक धडधाकट कोंबड्यांना औषधे पाजली जातात. तपासणीसाठी सकाळी दांडीखाली वर्तमानपत्र पसरून त्यावर पडलेली ताजी शिट, दोन्ही प्रकारची, स्वच्छ डबीत घ्या आणि त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचवा. वेळ लागणार असेल तर डबी शीतकपाटात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. जमिनीवरून खरवडलेल्या शिटेत मातीतले निरुपद्रवी कृमीही येतात आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होते.

आयमेरिया सापडला तर पशुवैद्य बहुधा पाण्यातून अ‍ॅम्प्रोलियम देतील. हे औषध रचनेने ब-१ जीवनसत्त्वासारखे असल्याने परजीवी फसतो आणि उपाशी राहतो. म्हणूनच ते चालू असताना ब जीवनसत्त्वाचे टॉनिक देणे म्हणजे एका हाताने दिलेले औषध दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. टॉनिक औषधाचा क्रम संपल्यावर द्या. मात्रा पशुवैद्यांनी लिहून दिलेलीच असावी, आणि त्या काळात दुसरे पाणी, अगदी अंगणातले डबकेसुद्धा, कोंबड्यांना मिळू देऊ नये.

जंतांची शक्यताही तेवढीच खरी आहे, मात्र ‘जंताचे औषध’ असे एकच औषध नसते. पायपेराझीन गोल जंतांवर चालते, पट्टकृमींवर नाही. पट्टकृमी मुंग्या, भुंगेरे आणि माश्या टिपण्यातून येतात आणि शिटेत तांदळाच्या कणीसारखे हलणारे तुकडे दिसतात. खुराड्याजवळ भात आणि कणी पडलेली असताना ते ओळखणे कठीण, म्हणून हलतात का ते पाहावे. खंगलेल्या पिल्लात गोल जंतांचा भार फार असला आणि जोरदार औषध एकदम दिले, तर मेलेल्या जंतांच्या गुंत्याने आतडे तुंबल्याचेही मी पाहिले आहे. त्यामुळे हेही तपासणीनंतरच. जुन्या कोंबड्यांनाही औषध द्यावे लागेल. त्यांची अंडी किती दिवस खायची नाहीत, हे त्याच वेळी विचारून घ्या.

लसूण द्यायला हरकत नाही, तिच्याने काही बिघडत नाही. तिच्याने आयमेरिया जात नाही एवढेच. यकृताच्या टॉनिकाबद्दलही माझे मत असेच आहे, फक्त ते लसणीपेक्षा महाग असते.

खाद्यात मात्र तुमच्याकडून चूक होते आहे आणि ती आजच सुधारता येईल. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कवचासाठी साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते आणि वाढत्या तलंगीला एक टक्क्याच्या आसपासच पुरते. जादा कॅल्शियम तिच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर पडते, आणि जिचे आतडे आधीच दुबळे आहे तिला हा भार अधिक जाचतो. दुसरीकडे भातात आणि कणीत प्रथिने सात-आठ टक्केच असतात, तर या वयात सोळा ते अठरा टक्के हवीत. म्हणजे तांबूला एक गोष्ट नको तितकी आणि दुसरी हवी त्याच्या निम्मी मिळते आहे. सगळ्यांनाच वाढीच्या तलंगींचे खाद्य सुरू करा आणि जुन्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. ज्यांना गरज असते त्या कोंबड्या तो आपणहून खातात, बाकीच्या फारसे तोंड लावत नाहीत. भात-कणी संध्याकाळी मूठभर, तेवढीच. डालग्याखालच्या तांबूच्या वाटणीत उकडलेल्या अंड्याचा चुरा किंवा जवळा घालता येईल. तुमच्या भागात तो घरात असतोच. मात्र मीठ लावून वाळवलेली सुकी मासळी नको. कोंबडीला मिठाची विषबाधा फार लवकर होते.

खाद्याचे पोते कुठे ठेवता हेही पाहा. पावसाळ्यात भिंतीला टेकवलेल्या पोत्यात गोळे धरले, वास आला किंवा मका हिरवट-काळा दिसला, तर ते खाद्य टाकून द्या. त्या बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन नावाच्या विषाने पिल्ले मरण्यापूर्वी खुरटतात, आणि नेमके सर्वांत अशक्त पिल्लू आधी खुरटते. उन्हात घालून किंवा भाजून बुरशी मरते, विष मरत नाही. ‘वाया कशाला घालवा’ म्हणून ते खाद्य म्हशीला घालणारे लोकही मला भेटले आहेत. तेही करू नये.

खुराड्यात फिनेल शिंपडून आयमेरियाची बीजे मरत नाहीत. त्यांना मारतो तो कोरडेपणा आणि कडक ऊन, आणि या दोन्ही गोष्टींचा पावसाळ्यात तुमच्याकडे तुटवडा असतो हे मी जाणतो. तेव्हा खुराड्यात जमिनीवर पसरलेली जुनी गादी, म्हणजे तुसाचा थर, पूर्ण काढून लांब खतात टाका, भाताचे कोरडे तूस चार बोटे पसरा, रोज दाताळ्याने हलवा आणि ओला झालेला भाग लगेच बदला. पाण्याचे भांडे विटेवर, तांबूच्या पाठीच्या उंचीला ठेवा, म्हणजे त्यात शिट पडणार नाही आणि पाणीही सांडणार नाही. एका रात्री विजेरी घेऊन दांडीच्या फटी तपासा आणि पांढरे फडके दांडीच्या खालून पुसा. फडक्यावर रक्ताचे ओघळ उमटले तर तिथे दिवसा लपणारे आणि रात्री रक्त पिणारे गोचीडवर्गीय बारीक जीव आहेत. दुपारच्या झोपेचे, आणि तुरा फिकट असल्यास त्याचेही, कारण ते असू शकते. उवा शेपटीखालच्या पिसांच्या बुडाशी दिसतात.

एक पाय पुढे आणि एक मागे टाकून बसणे, मान वळणे, तोंड उघडून श्वास घेणे, किंवा दिवसभर काहीही न खाणे, यांपैकी एक जरी दिसले तरी वजनाची वही बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा. पायांचे ते विशिष्ट बसणे मॅरेक्स रोगात दिसते. त्याची लस पिल्लू निघाल्याच्या पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात दिली जाते आणि घरच्या कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना ती मिळालेली नसते. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस मात्र तुम्ही दवाखान्यातून आताही देऊ शकता. ती सर्वांना द्या. तांबूला ती कधी द्यायची हे पशुवैद्य ठरवतील, कारण आजारी पक्ष्याला लस देत नाहीत. आणि नातीला तिच्याशी खेळल्यावर साबणाने हात धुवायला लावा. एका ताटलीतून दोघींनी खाण्याची प्रथा असेल तर ती बंद करावी लागेल.

प्रश्न : आठवडी बाजारात हिरवी, गुलाबी आणि केशरी रंगवलेली तीन पिल्ले मुलांच्या हट्टामुळे घेतली. सहा आठवड्यांनी दोन पिल्ले दीड-दोन किलोंची झाली, परंतु गुलाबी रंगाचे आता पांढरे झालेले पिल्लू चारशे ग्रॅमचेच आहे. त्याला काही कमतरता आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तिघांत धडधाकट बहुधा तेच आहे. तुमची दोन पिल्ले मांसासाठी तयार केलेल्या ब्रॉयलर जातीची दिसतात. ती सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जातात. तिसरे अंड्यावरच्या लेगहॉर्नसारख्या हलक्या जातीचे असावे, आणि त्या जातीत सहा आठवड्यांना चार-साडेचारशे ग्रॅम हेच योग्य वजन आहे. अंड्यावरच्या जातीतील नर पिल्लांना बाजारमूल्य नसल्याने तीच रंगवून स्वस्तात विकली जातात. त्यामुळे ते पिल्लू पुढे भल्या पहाटे आरवू लागले तर सोसायटीत आधी कल्पना देऊन ठेवा. काळजी घ्यायची ती त्या दोन मोठ्यांची. त्यांची हाडे आणि हृदय मांसाच्या वेगाने वाढत नाहीत. पाय फाकणे, धाप लागणे, चालायचे टाळणे ही लक्षणे त्यांच्यात लवकर दिसतील. त्यांना दिवसभर खाद्य समोर न ठेवता मोजून दोन वेळा द्या आणि चालायला लावा. लहानग्याला मात्र पोटभर खाऊ द्या, वेगळ्या भांड्यातून.

प्रश्न : आमची एक देशी तलंग सर्व तपासण्या होऊनही बहिणींच्या दोन तृतीयांशच राहिली आहे. खाते, धावते, शिट चांगली आहे. आता ती सहा महिन्यांची होईल. ती कधी अंडी देईल का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : देईल, बहिणींपेक्षा काहीशी उशिरा आणि आकाराने लहान. तुमच्या वर्णनावरून ती आजारी वाटत नाही, जन्मतःच बुटकी असावी. कोंबड्यांत बुटकेपणाचा एक जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो. मादीत त्या सूत्राची एकच प्रत असल्याने तो एकटा आला तरी तिची चण सुमारे तीस टक्क्यांनी कमी होते, आणि तुमचा ‘दोन तृतीयांश’ हा आकडा त्याच्याशी चांगलाच जुळतो. नरात दोन्ही प्रती तशा असाव्या लागतात, म्हणून धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्याच्या पोटीही अशी तलंग निघू शकते. तिचे पाय आखूड आहेत का ते बहिणींशेजारी उभे करून पाहा. पहिल्या अंड्याच्या सुमारास ती सकाळपासून शेपटी खाली पाडून, जोर करत बसलेली दिसली, तर अंडे अडकले आहे असे समजून तिला ताबडतोब पशुवैद्यांकडे न्या. तोपर्यंत तुरा लाल होण्याची वाट पाहा. तो लालभडक झाला की दोन-तीन आठवड्यांत तिच्यासाठी एक कोरडी, अंधारी टोपली कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही.